सिंदखेडची लेक, वेरूळची सून



दोन वैरी घराण्यांतील मुलगा आणि मुलगी एकमेकांवर जीव लावतात आणि घरच्यांच्या वैरापायी शेवटी दोघेही प्राणास मुकतात, ही गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजांचा मोठा नाटककार शेक्सपियर याने रोमिओ आणि ज्युलिएट यांची अशीच कथा लिहिली. ती घडते इटलीतील व्हेरोना शहरी. आपल्याकडे २०१६ साली 'सैराट' बोलपट आला. त्यातले वैर घराण्याचे नव्हते, जातीचे होते, पण शेवट तोच. तो पाहून आपल्यापैकी कितीतरी जणी पदराने डोळे पुसत घरी आल्या.

अशी कथा ऐकली की माझ्या मनात नेहमी एक प्रश्न येतो. ती दोघे मेली नसती, चारचौघांत लग्न लागून संसाराला लागली असती, आणि दोन्ही घरांचे वैर मात्र तसेच राहिले असते, तर त्या मुलीचे काय झाले असते? याचे उत्तर शोधायला व्हेरोनापर्यंत जावे लागत नाही. ते आपल्या विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा या गावी आहे. ती मुलगी म्हणजे लखुजी जाधवरावांची लेक जिजाबाई.

जिजाऊ म्हटले की बाल शिवाजीला मांडीवर घेतलेली माता आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. दर १२ जानेवारीला आपण तिच्या प्रतिमेला हार घालतो. पण आई होण्याआधी ती कोणाची लेक होती, कोणाची बहीण होती, कोणाची सून आणि वहिनी होती. त्या नात्यांतून ती कशी गेली हे मुलांच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. म्हणून या अंकासाठी मी तेवढाच भाग घेतला आहे.

सिंदखेडचे जाधव हे आपणांस देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. घराणे जुने आणि देशमुखीचे. लखुजी हे अहमदनगरच्या निजामशाहीतील फार मोठे सरदार. सिंदखेडला त्यांच्या वाड्याचा उंच दगडी दरवाजा, मोती तलाव आणि चांदणी तलाव आजही पाहावयास मिळतात. भोसले त्या मानाने नवे. त्यांची वेरूळची पाटीलकी. मालोजी आणि विठोजी हे दोघे भाऊ तलवारीच्या जोरावर निजामशाहीत वर चढले. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला तो याच मालोजींनी. फलटणच्या निंबाळकरांची लेक त्यांना दिलेली होती. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला म्हणून ही नावे ठेवली असे सांगतात.

सोयरीक कशी जुळली त्याची गोष्ट बखरींत आहे, आणि आपल्या आजीपणजीपासून चालत आलेली आहे. रंगपंचमीच्या दिवशी जाधवांच्या वाड्यात मंडळी जमली होती. लहानगा शहाजी आणि लहानगी जिजा एकमेकांवर रंग उडवू लागली. लखुजींनी कौतुकाने म्हटले की जोडा कसा शोभतो. मालोजी चटकन उठले आणि सभेला म्हणाले, ऐकलेत ना सर्वांनी, आजपासून जाधवराव आमचे व्याही झाले. आत म्हाळसाबाईंना, म्हणजे जिजाच्या आईला, हे कळले तेव्हा त्या रागावल्या. पाटलाच्या घरी माझी लेक कशी द्यायची, असा त्यांचा बोल. लखुजींनी मग शब्द फिरवला. मालोजींना अपमान लागला, त्यांनी निजामशहाकडून मोठी मनसब मिळवली, आणि मगच लग्न लागले.

ही गोष्ट गोड आहे, पण ती लिहिली गेली लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी. त्यामुळे ती जशीच्या तशी धरावी असे मला वाटत नाही. एक मात्र मनात येते. सभेत शब्द देणारे लखुजी, तो फिरवणारेही लखुजी, आणि बखरकार दोष ठेवतो म्हाळसाबाईंच्या माथी. सोयरीक मोडली की विहीणबाईचे नाव घ्यायचे ही रीत तेव्हापासूनची दिसते. असो. इ. स. १६०५ च्या सुमारास लग्न झाले असे बरेच जण धरतात. जिजाबाईंचा जन्म १५९८ चा मानला तर नवरी सात वर्षांची.

दोन्ही घराणी एकाच दरबारात चाकरीला होती, एकाच शामियान्यात मुजऱ्याला उभी राहत. तरी मनात अढी राहिलीच असावी. सोयरीक झाली म्हणजे मानपान मिटतात असे नाही, उलट ते वाढतात, हे लग्नघरी वावरलेल्या बाईला सांगायला नको.

ती अढी बाहेर पडली १६२३ च्या सुमारास, आणि निमित्त झाले एका हत्तीचे. परमानंद नावाच्या कवीने शिवाजीमहाराजांच्या काळातच 'शिवभारत' हे संस्कृत काव्य रचले. त्यात हा प्रसंग सविस्तर आहे. निजामशहाचा दरबार सुटला होता. सरदार आपापल्या स्वारीनिशी बाहेर पडत होते. त्या गर्दीत खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. लखुजींचा मुलगा दत्ताजी हत्तीवर तुटून पडला. हत्ती वाचवायला म्हणून विठोजी भोसल्यांची मुले संभाजी आणि खेळोजी पुढे झाली. आता हत्ती राहिला बाजूला आणि जाधव-भोसले एकमेकांवर उठले. संभाजीच्या हातून दत्ताजी ठार झाला. लखुजी पुढे निघून गेले होते. मुलगा पडल्याचे कळताच ते उलटे फिरले. चुलतभावाच्या बाजूने शहाजीराजे आडवे आले. सासऱ्याचा घाव जावयाच्या दंडावर बसला आणि शहाजीराजे मूर्च्छित पडले. मग लखुजींनी संभाजीला गाठून ठार केले.

एका दुपारची ही गोष्ट. आता ती जिजाबाईंच्या बाजूने मोजून पाहा. त्या तेव्हा पंचविशीच्या आसपास. सख्खा भाऊ मेला, तो चुलत दिराच्या हातून. चुलत दीर मेला, तो वडिलांच्या हातून. नवरा रक्तबंबाळ होऊन घरी आला, तो घावही वडिलांचाच. ज्या घरात त्या राहत होत्या तेथे संभाजीचे सुतक. ज्या घरी जन्मल्या तेथे दत्ताजीचे. कोणासाठी मोठ्याने रडायचे? सासरी बसून भावासाठी रडावे तर तो घरच्या मुलावर शस्त्र धरणारा. दिरासाठी रडावे तर आईच्या घरी काय वाटेल? दत्ताजीची बायको विधवा झाली, संभाजीचीही झाली. गोष्ट सांगणारे त्या दोघींकडे वळतच नाहीत. ते हत्तीचे वर्णन करतात.

आणि हत्ती ना जाधवांचा, ना भोसल्यांचा.

आपल्याकडे हत्ती नाहीत, पण धुरा आहे. धुऱ्याच्या दोन हातांच्या पट्टीवरून व्याही-व्याही कोर्टात गेलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. माझ्या माहितीतल्या एका घरी असेच झाले. मामाच्याच गावी दिलेली लेक, शेताला शेत लागून. एका पावसाळ्यात धुरा कोणी फोडला यावरून कुऱ्हाडी निघाल्या. कोणी मेले नाही, एवढे देवाचे उपकार. पण त्या लेकीला पोळ्याला बोलावणे नाही, महालक्ष्म्यांना नाही, भावाच्या मुलाच्या बारशालाही नाही. बाराव्या वर्षी आई गेली तेव्हा ती माहेरच्या दारात गेली आणि परक्या बाईसारखी अंगणातच उभी राहिली. पुरुषांचा समेट पुढे एका लग्नात पान खाऊन झाला. तिची बारा वर्षे कोणी मोजली नाहीत. भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेर इतके का येते, हे लहानपणी फेर धरताना कळत नाही.

हत्तीच्या प्रकरणानंतर दोन्ही घरे दोन बाजूंस गेली. १६२४ साली नगरजवळ भातवडीची मोठी लढाई झाली. एका बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, दुसऱ्या बाजूला मोगल आणि विजापूरकर. मलिक अंबराने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले, म्हणून ही लढाई प्रसिद्ध आहे. तीत शहाजीराजे मलिक अंबराकडून लढले आणि लखुजी मोगलांकडून. म्हणजे बाप एका फौजेत आणि नवरा समोरच्या. शहाजीराजांचा सख्खा भाऊ शरीफजी त्या लढाईत पडला. जय झाला तो मलिक अंबराचा. जिजाबाईंच्या घरी जयाचे नगारे आणि दिराचे सुतक एकाच दिवशी आले.

हे एवढे वैर का, असा प्रश्न कोणी विचारील. मला वाटते, मानापमान हे निमित्त. खरे कारण असे की त्या वेळी मराठा सरदारांचे स्वतःचे असे काही नव्हतेच. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल या तीन धन्यांपैकी कोणाची तरी चाकरी करायची. धनी बदलला की समोर कालचा सोयरा उभा. धन्यांनाही ते सोयीचेच होते.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि निजामशाही पोखरू लागली. लखुजी पुन्हा निजामशहाकडे आले. पण निजामशहाच्या मनात त्यांच्याविषयी संशय होता. १६२९ च्या जुलै महिन्याची २५ तारीख. लखुजी आपल्या मुलांसह दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्याला गेले. तेथे दगा झाला. लखुजी, त्यांची मुले अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव, असे एकाच घरातील चौघे तेथे कापले गेले. यशवंतराव म्हणजे हत्तीच्या दंगलीत मेलेल्या दत्ताजीचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी जिचा नवरा गेला, तिचा मुलगाही गेला. लखुजींचा भाऊ जगदेवराव आणि मुलगा बहादुरजी निसटले, सिंदखेडला आले आणि मोगलांना मिळाले.

त्या दिवशी तिथी होती श्रावणी पौर्णिमा. आज आपण ज्या दिवशी भावाला राखी बांधतो तीच.

आता एका प्रसिद्ध गोष्टीविषयी लिहिते. बखरींत असे आहे, आणि कीर्तनांतूनही मी ऐकले आहे, की लखुजी फौज घेऊन शहाजीराजांच्या पाठीवर होते. जिजाबाई गरोदर, पोट जड झालेले, घोड्यावर बसवेना, म्हणून शहाजीराजे त्यांना शिवनेरीजवळ मागे ठेवून पुढे गेले. मागून लखुजी आले. बापलेकीची गाठ पडली. तो म्हणाला माहेरी चल. ती म्हणाली, तुमचे वैर भोसल्यांशी आहे ना, मग मी भोसल्यांचीच, माझ्यावर सूड उगवा. ऐकताना अंगावर काटा येतो. पण जरा हिशेब करू या. शिवाजीमहाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. लखुजींचा खून त्याच शकातील श्रावणी पौर्णिमेला. श्रावण पौर्णिमेपासून फाल्गुन पौर्णिमेपर्यंत सात महिने होतात, वर तीन दिवस. मूल नऊ महिन्यांचे धरले तर वडील गेले तेव्हा जिजाबाईंना जेमतेम दोन महिने झालेले. पोट जड होण्याची वेळ आली तेव्हा लखुजी या जगात नव्हते. हे गणित कोणतीही सुईण बोटांवर करून दाखवील. बखर लिहिणाऱ्यांनी घरात विचारले असते तरी चालले असते.

खरी हकीकत त्या गोष्टीहून कठीण आहे. बापाशी तोंडावर भांडायला बाप हवा. जिजाबाईंना तीही संधी राहिली नाही. दोन महिन्यांची गरोदर बाई, वांत्या आणि मळमळीचे दिवस, पहिला घास कडू लागण्याचे दिवस, आणि निरोप आला की वडील गेले, दोन भाऊ गेले, भाचा गेला. वडील सहा वर्षे नवऱ्याचे वैरी होते म्हणून लेकीचे दुःख सहावा हिस्सा कमी होत नाही.

आणि येथेच शहाजीराजांची एक गोष्ट सांगावयास हवी, कारण ती सहसा कोणी ठळक करून सांगत नाही. सासऱ्याच्या तलवारीचा घाव ज्यांनी अंगावर घेतला, ज्यांचा चुलतभाऊ त्याच सासऱ्याने मारला, त्यांनी वैरी परस्पर गेला म्हणून समाधान मानले असते तर त्या काळात कोणी नावे ठेवली नसती. पण लखुजींच्या खुनानंतर शहाजीराजांनी निजामशहाची चाकरी सोडली. परमानंद कवी तसे लिहितो आणि मोगल बादशहाच्या दरबारी इतिहासातही, जावई या नात्यानेच, ही नोंद आहे. यात राजकारण नसेल असे मी म्हणत नाही. ज्या धन्याने आज सासऱ्याला मारले तो उद्या जावयालाही मारील, हे त्यांना दिसले असणारच. पण घरात बायको होती, तिच्या डोळ्यांतले पाणी त्यांना दिसत होते, हेही खरे.

कित्येक जुन्या लेखकांनी असे लिहिले आहे की जाधवांच्या वैरामुळे शहाजीराजांचे मन जिजाबाईंवरून उठले, म्हणून त्यांनी तुकाबाई मोहिते यांच्याशी दुसरे लग्न केले आणि पुढे ते कर्नाटकात व जिजाबाई पुण्यात असे झाले. मला हे पटत नाही. सरदारांच्या घरी दोन-तीन लग्ने ही तेव्हाची चाल होती. हत्तीच्या प्रकरणानंतर सहा वर्षांनी जिजाबाईंच्या पोटी शिवाजीराजे आले, हे मन उठल्याचे लक्षण नव्हे. पुणे-सुप्याची जहागीर शहाजीराजांनी जिजाबाई आणि शिवाजीराजे यांच्या हाती सोपवली. मन उठलेला माणूस बायकोच्या हाती मुलूख देत नाही. १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले, तेव्हा जिजाबाई सती जायला निघाल्या होत्या. शिवाजीमहाराजांनी त्यांना विनवून थांबवले. सतीची चाल वाईटच, तिचे कौतुक मी करीत नाही. पण साठी उलटलेल्या त्या बाईच्या मनात नवरा काय होता, हे त्यावरून कळते.

बाळंतपण शिवनेरीवर झाले. शिवनेरीच्या किल्लेदाराची मुलगी जिजाबाईंच्या थोरल्या मुलाला, संभाजीला दिली होती, म्हणून तो गड व्याह्यांचा. चोहोकडे लढाया पेटलेल्या. शहाजीराजे बाहेर. माहेर सिंदखेडला, पण तेथे आता ओटी भरायला कोण राहिले होते? माहेरही नाही, सासरही नाही, मुलाच्या सासुरवाडीला बाळंत होणारी राजाची राणी दुसरी कोणी झाली असेल असे वाटत नाही. त्याच गडावर शिवाजीराजे जन्मले. पाळणा हलवायला सिंदखेडची बाई कोणी आली होती का, हे बखरकाराने लिहिलेले नाही. त्याला ते महत्त्वाचे वाटले नसावे. थोरला संभाजी पुढे वडिलांकडे कर्नाटकात वाढला आणि १६५५ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात पडला. जिजाबाईंना त्याचेही दुःख पाहावे लागले.

लखुजींची समाधी सिंदखेडला आहे. मोठी, दगडी, किल्ल्यासारखी भक्कम. त्यांच्याबरोबर मारल्या गेलेल्या मुलांच्या आणि नातवाच्या समाध्याही तेथेच दाखवतात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूरकडून तिकडे जाणे सोपे झाले आहे. ज्यांना जमेल त्यांनी वाडा पाहून परत न फिरता समाधीपर्यंत अवश्य जावे. वाड्यात लहानगी जिजा रंग खेळली असे सांगतात. समाधीपाशी उभे राहिले की १६२९ ची ती पौर्णिमा आठवते, आणि तिथला गारवा पायांना कळतो.

रोमिओ आणि ज्युलिएट मेली तेव्हा त्यांच्या बापांनी हातात हात घेतले आणि वैर मिटले, असे नाटकात आहे. येथे जोडपे जगले आणि वैर मिटायला पंचवीस-तीस वर्षे लागली. ते मिटवले कोणी, हे शोधताना मला एक नाव सापडले. शिवाजीमहाराजांच्या राण्यांची यादी आपण मुलांना पाठ करायला लावतो. सईबाई निंबाळकर, सोयराबाई मोहिते, पुतळाबाई पालकर. त्या यादीत एक नाव काशीबाई जाधव असे आहे. त्या सिंदखेडच्या जाधवांच्या. म्हणजे ज्या घरातून स्वतः सून होऊन निघाल्या, ज्या घराने दिराला मारले आणि ज्या घरातला भाऊ दिराने मारला, त्याच घरातून जिजाबाईंनी आपल्या मुलाला मुलगी केली. शहाजीराजे कर्नाटकात होते. पुण्याच्या घरात सुना पारखायच्या, मागणी घालायची, ओटी भरायची हे जिजाबाईंकडेच होते. सिंदखेडच्या वाटेवर पुन्हा मुऱ्हाळी आला-गेला असेल. सासूबाई आणि सूनबाई एकाच माहेरच्या. दोघी चुलीजवळ बसून मोती तलावाच्या, वाड्यातल्या जुन्या बायकांच्या गोष्टी बोलत असतील.

पुढे स्वराज्यासाठी औरंगजेबाच्या फौजांना सळो की पळो करून सोडणारे सेनापती धनाजी जाधव झाले, तेही याच जाधव घराण्यातले. ते कर्तृत्व सर्वांना ठाऊक आहे. काशीबाईंचे नाव मात्र यादीत राहिले.

राज्याभिषेकाचे वर्ष १६७४. रायगडावर तयारी चालली होती. मार्च महिन्यात काशीबाई वारल्या. ६ जूनला राज्याभिषेक झाला, आणि १७ जूनला पायथ्याच्या पाचाडला जिजाबाई गेल्या.